आफ्रिका: उंच पठाराचा खंड

अटलांटिक महासागरातून काँगो नदीच्या मुखात शिरलेले मोठे जहाज सुमारे दीडशे किलोमीटर आत, मातादी बंदरापर्यंत जाते आणि तेथे त्याचा प्रवास संपतो. त्यापुढे किन्शासा शहरापर्यंतच्या जवळजवळ साडेतीनशे किलोमीटरच्या टप्प्यात ही नदी एकामागून एक धबधब्यांवरून आणि खडकाळ खळाळांतून पावणेतीनशे मीटर खाली उतरते. किन्शासाच्या वर मात्र तीच नदी संथ आणि रुंद आहे. तेथून किसांगानीपर्यंत सुमारे सतराशे किलोमीटर बोटी चालतात. वाहून आणलेल्या पाण्याच्या प्रमाणात ॲमेझॉनखालोखाल जगात दुसरा क्रमांक असलेली नदी समुद्राच्या तोंडाशीच अशी अडलेली आहे. पोर्तुगीज दर्यावर्दी तिच्या मुखाशी १४८० च्या दशकात पोहोचले होते, पण तिचा संपूर्ण मार्ग युरोपला कळायला १८७७ साल उजाडावे लागले. आफ्रिकेचा भूगोल आणि इतिहास समजून घ्यायचा असेल, तर माझ्या मते सुरुवात या अडथळ्यापासून करावी. या खंडातील माणसे कोठे वसली, त्यांची राज्ये कोठे उभी राहिली, बाहेरचे लोक किनाऱ्यावर किती काळ थबकले आणि आजचे देश असे का आखले गेले, या सर्व प्रश्नांच्या उत्तरात जमिनीच्या या घडणीचा मोठा वाटा आहे.

आफ्रिका हे मुख्यतः एक अतिप्राचीन, उंच पठार आहे. किनाऱ्याची चिंचोळी पट्टी, तिच्यामागे उभा सह्याद्रीचा कडा आणि घाट चढून गेल्यावर पसरलेला देश ही रचना मराठी वाचकाच्या परिचयाची आहे. आफ्रिकेच्या मोठ्या भागात, विशेषतः विषुववृत्ताच्या दक्षिणेला, तीच रचना खंडाच्या मापावर दिसते. भारत, मादागास्कर, दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि अंटार्क्टिका हे सारे भूभाग कोट्यवधी वर्षांपूर्वी गोंडवन या महाखंडात आफ्रिकेला जोडलेले होते. ते एकेक करून सुटत गेले आणि मध्ये उरलेल्या गाभ्याला बहुतेक बाजूंनी तुटक्या कडा राहिल्या. म्हणूनच येथील बहुतेक मोठ्या नद्या आतल्या सपाटीवर निवांत वाहतात आणि खाली उतरताना कड्यांवरून कोसळतात. झांबेझी नदी व्हिक्टोरिया धबधब्यावर १०८ मीटर खाली पडते, आणि पुढे मोझांबिकमधील काहोरा बासा येथील खळाळांनी १८५८ मध्ये डेव्हिड लिव्हिंगस्टन या स्कॉटिश धर्मोपदेशक-संशोधकाची बोट अडवून नदीमार्गे आत शिरण्याचे त्याचे स्वप्न मोडून टाकले. ६,६५० किलोमीटर लांबीच्या नाईललाही खार्टूम आणि अस्वान यांच्यामध्ये सहा ठिकाणी खडकांचे अडसर आहेत. किनाराही फारसा दंतुर नाही. आकाराने युरोपच्या तिप्पट असूनही आफ्रिकेच्या किनाऱ्याची लांबी युरोपपेक्षा कमी भरते, आणि त्यामुळे जहाजांना आसरा देणारी नैसर्गिक बंदरेही कमी आहेत.

नायजर नदीची तऱ्हा आणखी वेगळी आहे. ती गिनीच्या डोंगरांत अटलांटिकपासून जेमतेम अडीचशे किलोमीटरवर उगम पावते, पण समुद्राकडे पाठ करून ईशान्येला, थेट सहाराच्या दिशेने निघते; टिंबक्टूजवळ वाळवंटाच्या काठाला स्पर्श करून वळते आणि ४,१८० किलोमीटरचा प्रवास करून नायजेरियात गिनीच्या आखाताला मिळते. या वळणाने वाळवंटाच्या कडेला पाणी, मासे आणि भाताची जमीन दिली, आणि पश्चिम आफ्रिकेतील सर्वांत मोठी साम्राज्ये याच वळणाच्या आसपास उभी राहिली.

पठाराच्या पूर्व भागात जमीन आजही फाटते आहे. इथिओपियातील अफार प्रदेशापासून मोझांबिकपर्यंत गेलेल्या या खचदरीच्या दोन शाखा आहेत. पश्चिमेकडील शाखेत टांगानिका हे १,४७० मीटर खोलीचे, जगातील दुसऱ्या क्रमांकाचे खोल सरोवर आहे, तर दोन्ही शाखांच्या मधल्या उथळ बशीत सुमारे ६९ हजार चौरस किलोमीटरचे व्हिक्टोरिया सरोवर पसरले आहे. किलिमांजारो हा ५,८९५ मीटर उंचीचा, खंडातील सर्वांत उंच पर्वत याच परिसरातील ज्वालामुखीतून घडला. ज्वालामुखीची सुपीक माती आणि उंचीमुळे सुसह्य असलेले हवामान यांमुळे इथिओपिया, रवांडा, बुरुंडी आणि केनियाच्या उंच भागांत लोकवस्ती दाट आहे.

कर्क, मकर आणि विषुव ही तिन्ही वृत्ते ज्यातून जातात असा हा एकमेव खंड आहे. विषुववृत्त जवळजवळ मधून जात असल्यामुळे हवामानाचे पट्टे दोन्ही बाजूंना आरशातल्यासारखे मांडलेले आहेत: मध्यभागी काँगोचे सदाहरित अरण्य, त्याच्या दोन्ही बाजूंना सॅव्हाना म्हणजे विरळ झाडांची गवताळ भूमी, मग निमकोरडा प्रदेश, मग वाळवंट, आणि अगदी उत्तर व दक्षिण टोकांना हिवाळ्यात पाऊस पडणारी, द्राक्षे आणि गहू पिकवणारी किनारपट्टी. दक्षिणेकडे या मांडणीत कालाहारी आणि नामिब ही वाळवंटे येतात. उत्तरेकडे सहारा येते, ज्याचे क्षेत्रफळ सुमारे ९२ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे भारताच्या पावणेतीन पटींहून अधिक आहे. चित्रांत आपण पाहतो त्या वाळूच्या टेकड्यांनी त्याचा सुमारे चौथा भागच व्यापलेला आहे. बाकीचे सहारा म्हणजे खडकाळ माळ, दगडगोट्यांची मैदाने आणि तीन हजार मीटरच्या पुढे गेलेले डोंगर.

हे वाळवंट नेहमी असे नव्हते. अल्जीरियाच्या आग्नेय भागातील तासिली नाज्जेर या खडकाळ पठारावर हजारो प्राचीन चित्रे आहेत, आणि त्यांत जिराफ, पाणघोडे, पोहणारी माणसे व ठिपकेदार गुरांचे कळप रंगवलेले आहेत. साधारण अकरा ते पाच हजार वर्षांपूर्वीच्या काळात पृथ्वीच्या अक्षाच्या संथ डोलण्यामुळे उत्तर गोलार्धात उन्हाळ्यातील सूर्यप्रकाश वाढलेला होता, त्यामुळे मोसमी पाऊस आजच्यापेक्षा बराच उत्तरेपर्यंत पोहोचत होता आणि सहारात तळी, नद्या आणि गवत होते. पुढे पाऊस हळूहळू दक्षिणेला सरकला तसे गुराखी आणि मच्छीमारही सरकले. काही पूर्वेला नाईलच्या खोऱ्यात उतरले आणि काही दक्षिणेला, सहाराच्या काठाने पसरलेल्या साहेल या निमकोरड्या पट्ट्यात गेले. इजिप्तची संस्कृती नाईलच्या काठी दाटीने का फुलली, याच्या कारणांमध्ये हे स्थलांतरही मोजावे लागते.

या साहेल-सॅव्हानाच्या पट्ट्याशी महाराष्ट्राचे नाते रोजच्या जेवणाचे आहे. ज्वारी पूर्व सुदानच्या गवताळ भागात, बाजरी आजच्या मालीच्या परिसरात, आणि नाचणी इथिओपिया व युगांडाच्या डोंगराळ भागात माणसाने प्रथम लागवडीखाली आणली. ही तिन्ही धान्ये सुमारे चार हजार वर्षांपूर्वीपासून अरबी समुद्रालगतच्या मार्गांनी भारतात येऊ लागली आणि आपल्या कोरडवाहू जमिनीत रुजली. सोलापूरची शाळू ज्वारी आणि कोकणातील नाचणीची भाकरी ही आफ्रिकी शेतकऱ्यांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या निवडीची देणगी आहे, आणि आपल्या पाठ्यपुस्तकांतून ही गोष्ट ठळकपणे सांगितली जायला हवी असे मला मनापासून वाटते.

याच पट्ट्याच्या दक्षिणेला एका माशीने इतिहासाला वळण दिले. त्सेत्से माशी चावल्याने गुरे आणि घोडे रोगाने मरतात, माणसांना निद्रारोग होतो. दमट झाडीच्या प्रदेशात त्यामुळे नांगराला बैल नाहीत आणि लढाईला घोडे नाहीत. शेती कुदळीने आणि वाहतूक माणसांच्या डोक्यावरून, असे अनेक शतके चालले. साहेलमधील घोडदळाची साम्राज्ये दक्षिणेच्या अरण्यापाशी येऊन थांबत, ती याच कारणाने.

आधुनिक मानवाचा जन्मच आफ्रिकेत झाला. मोरोक्कोतील जेबेल इरहूद येथे सापडलेले आपल्या मानवप्रजातीचे अवशेष सुमारे तीन लाख वर्षे जुने आहेत. उरलेले जग आफ्रिकेतून बाहेर पडलेल्या लहान गटांनी वसवले, त्यामुळे मानवी जनुकांतील सर्वाधिक विविधता आजही आफ्रिकेतच आढळते. ‘काळे लोक’ या एका शब्दात या खंडाला बसवणाऱ्याला म्हणूनच फारसे काही कळत नाही. येथे सुमारे दोन हजार भाषा बोलल्या जातात. उत्तरेला आणि इथिओपियाच्या बाजूला अरबी, बर्बर, अम्हारिक, सोमाली व हौसा या एका मोठ्या कुळातील भाषा आहेत. नाईलचा वरचा भाग आणि साहेलचे काही प्रदेश यांत दिंका, लुओ, मसाई यांच्या भाषांचे दुसरे कुळ आहे. नैर्ऋत्येच्या कोरड्या प्रदेशात सान लोकांच्या भाषांत जीभ टाळ्यावरून सोडवून काढलेल्या ‘टक्‌’ ध्वनींची व्यंजने आहेत, जी पुढे शेजारच्या झुलू आणि खोसा भाषांनीही उचलली.

उरलेला बहुतेक दक्षिणार्ध बांटू भाषांनी व्यापला आहे. आजच्या नायजेरिया आणि कॅमेरून यांच्या सीमेवरील प्रदेशातून चार-पाच हजार वर्षांपूर्वी शेतकऱ्यांची कुटुंबे पूर्वेला आणि दक्षिणेला सरकू लागली. पुढे त्यांच्याकडे लोखंड वितळवण्याची विद्या आली, गुरे आली, आणि दोन-तीन हजार वर्षांत त्यांच्या भाषा थेट दक्षिण आफ्रिकेपर्यंत पोहोचल्या. मादागास्करची कथा तर याहून थक्क करणारी आहे. आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून चारशे किलोमीटरवर असलेल्या या बेटाची मलागासी भाषा इंडोनेशियातील बोर्निओच्या भाषांची सख्खी नातलग आहे, कारण तेथील दर्यावर्दी हजार वर्षांहून अधिक काळापूर्वी हिंदी महासागर ओलांडून येथे आले आणि भाताची शेतीही बरोबर घेऊन आले.

राज्यांच्या इतिहासात लोक इजिप्तपाशी सुरुवात करतात आणि बहुधा तेथेच थांबतात. नाईलच्या खळाळांच्या वर, आजच्या सुदानमध्ये, कुश हे राज्य होते. त्याच्या राजांनी ख्रिस्तपूर्व आठव्या शतकात खुद्द इजिप्त जिंकून तेथे राजवंश चालवला, आणि मेरोई व आसपासच्या परिसरात त्यांनी बांधलेल्या लहान पण उभट पिरॅमिडांची संख्या इजिप्तमधील पिरॅमिडांपेक्षा अधिक आहे. इथिओपियाच्या पठारावरील अक्सुम राज्याने स्वतःची सोन्याची नाणी पाडली आणि राजा एझानाच्या काळात, चौथ्या शतकात, ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पहिल्या शतकात एका ग्रीकभाषक व्यापाऱ्याने लिहिलेल्या सागरी मार्गदर्शिकेत अक्सुमच्या अदुलिस बंदराची माहिती आहे आणि त्याच लिखाणात कल्याण व सोपारा या आपल्या बंदरांचीही नोंद आहे.

पश्चिमेला व्यापाराचा गाभा सोने आणि मीठ हा होता. अरण्याच्या कडेला सोने सापडे पण मीठ नव्हते. सहाराच्या मध्यभागी तगाझा येथे जमिनीखाली मिठाच्या लाद्या होत्या. १३५२ मध्ये तेथून गेलेल्या इब्न बतूता या मोरोक्कन प्रवाशाने तेथील घरे आणि मशीद मिठाच्या ठोकळ्यांनी बांधलेली व उंटांच्या कातड्यांनी शाकारलेली पाहिली. झाड एकही नव्हते आणि खाणीत गुलाम राबत होते. उंटांवर लादलेल्या या लाद्या दक्षिणेला येत, नायजरच्या काठी होड्यांत चढत, आणि अरण्याजवळ गाढवांच्या पाठीवर व माणसांच्या डोक्यावर जात. या मार्गांवर नियंत्रण ठेवणारी आधी घाना, मग माली आणि नंतर सोंघाय अशी साम्राज्ये झाली. मालीचा सम्राट मन्सा मूसा १३२४ मध्ये हजला जाताना कैरोत इतके सोने वाटत गेला की तेथे सोन्याचा भाव उतरला आणि बराच काळ सावरला नाही. टिंबक्टूमध्ये धर्मशास्त्र, कायदा आणि खगोलाचे अध्ययन होई आणि तेथील कुटुंबांनी जपलेली हस्तलिखिते आजही अभ्यासली जातात. १५९१ मध्ये मोरोक्कोच्या बंदूकधारी सैन्याने सहारा ओलांडून सोंघायचा पराभव केला आणि हे पर्व संपले.

पूर्व किनाऱ्यावर किल्वा, मोंबासा, मालिंदी, झांझिबार ही नगरे मोसमी वाऱ्यांवर जगत होती. हिवाळ्यातील ईशान्य वाऱ्याबरोबर अरबस्तान व पश्चिम भारताची गलबते खाली येत आणि नैर्ऋत्येचा वारा सुरू झाला की परतत. वाऱ्याची वाट पाहत महिनोन्‌महिने मुक्काम होई, त्यातून लग्ने जुळत आणि बांटू पायावर अरबी शब्दांनी समृद्ध झालेली स्वाहिली भाषा व संस्कृती घडली. वास्को द गामाला १४९८ मध्ये कालिकतचा रस्ता दाखवणारा वाटाड्या मालिंदीतच मिळाला. या नगरांतून निर्यात होणारे सोने आतल्या पठारावरून येई, जेथे ग्रेट झिंबाब्वेचे अवशेष उभे आहेत. अकराव्या ते पंधराव्या शतकांत शोना लोकांनी बांधलेल्या या नगराच्या मोठ्या वर्तुळाकार वाड्याची भिंत काही ठिकाणी ११ मीटर उंच आहे आणि तिच्या ग्रॅनाइटच्या चिऱ्यांमध्ये चुना किंवा चिखल कोठेही नाही. उत्खननात चिनी मातीची भांडी आणि काचेचे मणी निघाले, म्हणजे समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत असलेले हे शहर हिंदी महासागराच्या व्यापारात मुरलेले होते. तरीही गोऱ्या वसाहतवाद्यांनी ते फिनिशियन किंवा अरबांनी बांधल्याचा दावा दीर्घकाळ चालवला; १९०५ आणि १९२९ च्या पुरातत्त्वीय पाहण्यांनी ते आफ्रिकी लोकांचेच असल्याचे दाखवून दिल्यावरही ऱ्होडेशियाच्या, म्हणजे आजच्या झिंबाब्वेच्या, गोऱ्या सरकारला ते मान्य करवत नव्हते. दुसऱ्याची जमीन बळकावायची असली की आधी त्याचा इतिहास नाकारावा लागतो.

गुलामांच्या व्यापाराबद्दल आकडे सांगताना हात थांबतो, पण ते सांगायलाच हवेत. सोळाव्या ते एकोणिसाव्या शतकांत सुमारे सव्वा कोटी आफ्रिकी माणसांना अटलांटिकपार नेण्यासाठी जहाजांत कोंबले गेले आणि त्यांतील सुमारे एक कोटी सात लाख जिवंत उतरली; सर्वाधिक ब्राझीलमध्ये गेली. युरोपीय व्यापारी बहुतेक काळ किनाऱ्यावरील, आजच्या घाना देशातील एल्मिनासारख्या किल्ल्यांतच राहिले. तापाची भीती आणि चढणीचा मार्ग यांमुळे त्यांना आत जाता येत नव्हते, आणि बंदुका, कापड व दारूच्या बदल्यात किनाऱ्यालगतची राज्ये आतल्या भागांतून माणसे पकडून आणीत. सहारामार्गे आणि हिंदी महासागरातूनही असा व्यापार चालला, आणि त्याचा धागा दख्खनपर्यंत येतो. सुमारे १५४८ मध्ये इथिओपियात जन्मलेला, लहानपणी विकला गेलेला आणि बगदादमार्गे अहमदनगरला पोहोचलेला मलिक अंबर निजामशाहीचा कर्ता पुरुष झाला. त्याने मोगलांना गनिमी काव्याने झुंजवले, जमीन महसुलाची घडी बसवली आणि आजच्या छत्रपती संभाजीनगरचा पाया खडकी या नावाने घातला. जंजिऱ्याचे सिद्दीही याच प्रवाहातून आले. १७५२ पर्यंत मोझांबिकचा कारभार पोर्तुगीज गोव्यातून पाहत होते, हेही या नात्याचाच भाग आहे.

१८७० च्या सुमारास आफ्रिकेचा जेमतेम दहावा हिस्सा युरोपीयांच्या ताब्यात होता. १९१४ मध्ये नऊ-दशांश होता. क्विनाइनने हिवतापाची धार बोथट केली, मॅक्सिम या यंत्रबंदुकीने लढाया एकतर्फी केल्या, आणि आगगाडीने पठाराचा कडा ओलांडला. मातादी ते किन्शासा हा लोहमार्ग १८९८ मध्ये पूर्ण झाला. मोंबासाहून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंतचा मार्ग १८९६ ते १९०१ या काळात मुख्यतः पंजाबातून नेलेल्या बत्तीस हजारांच्या आसपास भारतीय मजुरांनी बांधला आणि त्यांतील सुमारे अडीच हजार तेथेच मरण पावले. नोव्हेंबर १८८४ ते फेब्रुवारी १८८५ मध्ये बर्लिनला भरलेल्या परिषदेत वाटणीचे नियम ठरले, आणि तेथे एकही आफ्रिकी प्रतिनिधी नव्हता. काँगो तर बेल्जियमचा राजा लिओपोल्ड दुसरा याची १९०८ पर्यंत खासगी मालमत्ता होती. तेथे रबराचा ठरलेला कोटा न देणाऱ्या गावांवर सैनिक सोडले जात आणि माणसांचे हात तोडले जात.

सीमा कशा आखल्या गेल्या हे नामिबियाच्या नकाशात दिसते. ईशान्य कोपऱ्यातून साडेचारशे किलोमीटर लांबीची एक चिंचोळी पट्टी बाहेर आलेली आहे. १८९० च्या करारात जर्मनीने ती झांबेझी नदीपर्यंत पोहोचण्यासाठी आणि तेथून बोटीने पूर्व किनारा गाठण्यासाठी मिळवली, पण त्या ठिकाणापासून थोड्याच अंतरावर खाली व्हिक्टोरिया धबधबा आहे. गाम्बिया हा देश म्हणजे एका नदीचे दोन काठ आहेत, बाकी तिन्ही बाजूंना सेनेगल. सोमाली लोक पाच सत्तांमध्ये वाटले गेले. रवांडात बेल्जियन अधिकाऱ्यांनी १९३० च्या दशकात ओळखपत्रांवर हुतू किंवा तुत्सी या तेथील दोन मुख्य समाजांपैकी एकाचा शिक्का मारला, आणि १९९४ च्या नरसंहारात रस्त्यांवरील नाक्यांवर माणसे निवडण्यासाठी तीच ओळखपत्रे तपासली गेली. या काळात इथिओपिया मात्र स्वतंत्र राहिला. सम्राट मेनेलिक दुसरा याने १ मार्च १८९६ रोजी अडवाच्या डोंगरांत इटलीच्या सैन्याचा पराभव केला, आणि ते पठार जिंकणाऱ्याला पुढची चाळीस वर्षे सापडले नाही.

६ मार्च १९५७ रोजी क्वामे एन्क्रुमा यांच्या नेतृत्वाखाली घाना स्वतंत्र झाला आणि १९६० या एकाच वर्षी सतरा देशांनी आपले ध्वज उभारले. केनियाच्या लढ्यात गोमंतकीय वंशाचे पियो गामा पिंटो अग्रभागी होते. स्वातंत्र्यानंतर १९६५ मध्ये नैरोबीत त्यांची हत्या झाली. १९६४ मध्ये कैरोला जमलेल्या आफ्रिकी राष्ट्रप्रमुखांनी वसाहतकाळातील सीमा आहेत तशाच मान्य करण्याचा ठराव केला. तो अन्याय कायम करणारा होता अशी टीका होते, पण या नव्या देशांनी एकमेकांच्या सीमा पुन्हा आखायला घेतल्या असत्या तर काय झाले असते, याचा विचार करता मला तो निर्णय शहाणपणाचा वाटतो.

आज संयुक्त राष्ट्रांचे सदस्य असलेले ५४ देश येथे आहेत, लोकसंख्या सुमारे दीडशे कोटी आहे आणि निम्म्याहून अधिक लोक विशीच्या आत आहेत. १६ देशांना समुद्रकिनारा नाही, आणि वसाहतकाळातील लोहमार्ग खाणीपासून बंदरापर्यंत आखलेले असल्याने शेजारी देशांना जोडणारे मार्ग कमी आहेत. काँगोच्या मुखाजवळील इंगा येथे नदीच्या उतारावर १९७२ आणि १९८२ मध्ये दोन धरणे पूर्ण झाली, पण त्यांची वीज उच्च दाबाच्या वाहिनीने सतराशे किलोमीटर दूरच्या तांब्याच्या खाणींना गेली. वाहिनीखालच्या गावांत अंधार राहिला. तांब्यावर जगणाऱ्या झांबियाची समुद्राकडची वाट १९६५ नंतर ऱ्होडेशियाशी बिघडलेल्या संबंधांमुळे अडली, तेव्हा चीनने १९७० ते १९७५ या काळात दार-ए-सलामपर्यंत १,८६० किलोमीटरचा लोहमार्ग बांधून दिला.

जानेवारी २०२१ मध्ये संपूर्ण खंडासाठी मुक्त व्यापार क्षेत्राच्या करारानुसार व्यापार सुरू झाला आणि जकाती उतरू लागल्या. मालाच्या वाहतुकीचे काम मात्र अधिक अवघड आहे. दार-ए-सलाम या एकाच शहरातून आज तीन रुंदींचे रूळ निघतात: जर्मन काळापासूनचा एक मीटरचा, झांबियाकडे जाणारा १,०६७ मिलिमीटरचा आणि २०२४ मध्ये प्रवाशांसाठी सुरू झालेल्या नव्या विद्युत मार्गाचा १,४३५ मिलिमीटरचा. झांबियाच्या खाणींकडून आलेली वाघीण त्यामुळे टांझानियाच्या इतर रुळांवर चढू शकत नाही, आणि तिच्यातला माल आधी उतरवून दुसऱ्या वाघिणीत भरावा लागतो.